पालखीपुढच्या बोर्डावरचं नाव

माजिवड्याच्या ज्या ऑफिसात निशा मढवी कामाला आहे, तिथे तिची एक सवय सगळ्यांना माहीत झालेली आहे. प्रोग्रॅम कितीही छोटा असो, एक नाव घालून ती तो कधी तपासत नाही. निदान तीन नावं घालते, तीही एकमेकांशी अजिबात न जुळणारी. शेजारच्या टेबलावरची कृतिका एकदा म्हणाली, "एक नाव नीट आलं म्हणजे बाकीची येणारच ना गं?"

"येतातच असं नाही," निशा म्हणाली आणि डबा उघडून जेवायला लागली.

ही सवय तिला कुठून लागली ते ऑफिसात कुणाला ठाऊक नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते वेगळंच काही समजून बसलेत.

गाव म्हणायचं ते आता जिभेच्या सवयीनेच. मानपाड्याच्या मागे, तीन बाजूंना इमारती, चौथ्या बाजूला कंपन्यांची धुराडी, आणि मधे थोडी जुनी घरं धरून बसलेलं गावदेवीचं देऊळ. शेतं गेली, मिठागरं गेली, विकलेल्या जमिनींवर बंगले उठले. चैत्रातली जत्रा मात्र राहिली. देवी खाडीकडच्या आपल्या जुन्या स्थानावरून वाजतगाजत गावात येते, पालखीतून गावाचा फेरा घेऊन देवळात बसते, आणि पुढच्या मंगळवारी परत जाते. तिच्या पालखीला कुठल्या घराने कुठल्या वळणापासून कुठल्या वळणापर्यंत खांदा द्यायचा, याचे मान ठरलेले आहेत. दारात गाडी कितीही मोठी उभी असू दे, माणसाची गावातली किंमत त्या खांद्यावरून होते.

मढवींचा खांदा निशाच्या खापरपणजोबांपासूनचा. मागचा डावा दांडा. तो बंद झाला तेव्हा निशा शाळेत होती. देवळाच्या जागेवर काळुराम केणेच्या भावाने चाळ उठवली. मोजणीला सरकारी माणूस आला, त्याने विचारलं, हद्दीचा दगड आधी कुठे होता? सगळे गप्प. निशाचे वडील धाकू मढवी, घरात ज्यांना आबा म्हणत, ते पुढे झाले आणि होता तिथे बोट दाखवलं. चाळ काही पडली नाही. काळुराम देवस्थान कमिटीचा अध्यक्ष झाला, आणि पुढच्या जत्रेला मढवींचं नाव पुकारलं गेलं नाही.

आबा भांडले नाहीत. दर जत्रेला पांढरे कपडे घालून, टोपी चढवून दारात उभे राहायचे. पालखी दाराशी आली की ओवाळायचे, आणि पुढे गेली की आत येऊन कपडे बदलायचे. घरात देवाचं सगळं त्यांच्या शिस्तीने. तिन्हीसांजेचा दिवा निशानेच लावायचा, हा त्यांचा हट्ट. "पोरीच्या हातचा दिवा देवाला आवडतो," म्हणायचे.

रंगाच्या कंपनीत उमेदीची वर्षं गेली, त्यात त्यांची छाती गेली. देवळाच्या पायऱ्या चढतानासुद्धा मधे बसावं लागे. त्या वर्षी डॉक्टरांनी निशाच्या आईला, कलावतीला, बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षाचं काही बोलता येत नाही. गावात हे पसरलं. दोन-चार म्हाताऱ्यांनी काळुरामला गाठलं. म्हणाले, जाणारा माणूस आहे, त्याचा खांदा त्याला दे.

"देतू ना," काळुराम म्हणाला. "शेवटचा देतू."

शेवटचा म्हणजे विहिरीच्या वळणापासून देवळाच्या पायरीपर्यंत. काल गावात येऊन राहिलेल्यांच्याही मागून. हा अपमान होता हे लहान पोरालाही कळत होतं. आबांनी तो प्रसादासारखा घेतला. "पैला काय नि शेवटचा काय. देवीचा दांडा एकदा खांद्याला लागला म्हंजे मी मोकला."

त्याच वर्षी कमिटीने पालखीपुढच्या टेम्पोवर लाल अक्षरांचा बोर्ड आणला. प्रत्येक वळणावर पुढचा मान कुणाचा, ते त्यावर झळकणार होतं. बोर्डवाला म्हणाला, लॅपटॉपवरून तुम्ही जे पाठवाल ते मी दाखवीन, पण नावं साठवून एकामागून एक पाठवायचं तुमचं तुम्ही बघा. काळुरामचा पुतण्या दिपेश ठाण्यात मोठ्या कंपनीत इंजिनियर. कमिटीने त्याला सांगितलं.

"काका, हा पोरखेळ आहे, मला कुठे वेळ," दिपेश म्हणाला. "धाकूकाकांची निशा डिप्लोमा करते ना, तिला द्या. जमेल ना गं तुला?"

"जमेल, दादा," निशा म्हणाली. आबांच्या खांद्याच्या वर्षी आपल्या हातून देवीची सेवा होतेय, याचाच तिला आनंद होता.

सी ही भाषा तिला कॉलेजात अशीच सहज आली नव्हती. शाळा मराठी माध्यमाची, तिथे कॉम्प्युटरला टोपडं घालून ठेवलेलं. सुरुवातीला दोन शब्द सारखे आहेत का हे बघायला ती मधे बरोबरची चिन्हं टाकायची. नावं सारखी असूनही कॉम्प्युटर नाही म्हणायचा, कारण तो अक्षरं बघतच नव्हता, ती कुठे ठेवलीत एवढंच बघत होता. मग शब्दाच्या शेवटी एक न दिसणारं शून्य असतं, त्याची जागा धरायची ती विसरायची, आणि नावापुढे कचरा छापून यायचा. सर तो सगळ्यांना दाखवायचे. "मढवी, तुमच्या मिडियममध्ये शून्य मोजत नाहीत का?" वर्ग हसायचा. निशा घरी येऊन तेच दहादा लिहून काढायची. या दोन चुका तिने पुन्हा केल्या नाहीत. पुढे नावांच्या यादीचा एक प्रोग्रॅम तिचा पहिल्या फटक्यात चालला. सर काहीच बोलले नाहीत. ती त्यालाच शाबासकी समजली.

तोच प्रोग्रॅम तिने पालखीसाठी घेतला. फरक एवढाच होता की कॉलेजात नावं तिने प्रोग्रॅममध्येच लिहून टाकली होती. इथे तसं चालणार नव्हतं. मानाची नावं आधी कागदावरसुद्धा लिहायची नाहीत, अशी गावाची रीत. पालखी उठायच्या वेळी देवीसमोर कौल घेऊन एकेक नाव बोललं जातं, तेव्हाच ते पक्कं होतं. म्हणून निशाने नाव त्या वेळी टाइप करायची सोय केली. बाकीच्या ओळी तशाच ठेवल्या. हौसेने बोर्डाच्या चार टोकांना ठिपक्यांच्या चार पणत्या काढल्या.

जत्रेच्या दुपारी देवळासमोर टेम्पो लागला तेव्हा तिने बोर्ड चालवून बघितला. कुणाचं नाव घालायचं? दुसऱ्या कुणाचं घातलं तर रीत मोडेल, तो म्हणेल माझं आधीच का लिहिलं. स्वतःच्या बापाचं घातलं तर कोण काय म्हणणार? तिने आबांचं नाव टाइप केलं. बोर्डावर उमटलं, "पहिला मान, धाकू मढवी." चार पणत्यांच्या मधे.

तिने आबांना खुणेने बोलावलं. ते कुंपणाला धरून बघत राहिले. कलावतीने पदर डोळ्यांना लावला.

"पुस गो ते," आबा म्हणाले. "कोन बगेल."

बघितलं होतं. काळुरामची बायको विनिता देवळाच्या ओट्यावर रांगोळी काढत होती.

संध्याकाळी सगळा गाव देवळापुढे जमला. देवीसमोर नावं बोलली जाऊ लागली, टेम्पोत बसून निशा ती टाइप करत गेली. पहिलं काळुराम केणे. मग एकेक घर, मानाप्रमाणे. सगळ्यात शेवटी पुजाऱ्याने धाकू मढवी म्हटलं, तिनेही तेच शेवटी टाइप केलं. ढोल सुरू झाले. काळुरामने पुढच्या दांड्याला हात लावला आणि निशाने बटण दाबलं.

"पहिला मान, धाकू मढवी."

निशाला वाटलं दुपारचं राहिलं असेल, तिने पुढचं बटण दाबलं. "दुसरा मान, धाकू मढवी." पुन्हा दाबलं. तिसरा मान, धाकू मढवी. ती दाबतच गेली, आणि चढत्या आकड्याबरोबर तेच नाव पणत्यांमध्ये झळकत राहिलं.

"धाकू, सगली पालखी एकटाच ने रं," कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"खांद्याला चाक लाव, म्हंजे दम नाय लागनार."

"पोरीनी बापाला देव केलान."

विनिता पुढे आली. "दुपारपासून तेच चाललंय यांचं. पहिला मान धाकू मढवी, मी या डोळ्यांनी बघितलं. तिघं उभं राहून कौतुक करत होती."

मग कुणी हसलं नाही. बोर्डाची वायर काढली गेली. काळुराम आवाज न चढवता म्हणाला, "धाकूचा खांदा आज नाय. कमिटी बसेल, मंग बगू." आबा रांगेच्या शेवटी उभे होते. खांद्यावर घडी घालून ठेवलेला फडका त्यांनी काढला आणि खिशात ठेवला. खिशात तो मावेना, तरी कोंबत राहिले.

चूक निशाला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. एका ओळीची होती. सीमध्ये नावांची रांग केली तरी त्या रांगेत नाव जाऊन बसत नाही, ते कुठे ठेवलंय त्याचा पत्ता बसतो. त्याला पॉइंटर म्हणतात. कॉलेजात लिहून टाकलेल्या प्रत्येक नावाला आपली आपली जागा होती, म्हणून पत्ते वेगळे होते. इथे टाइप केलेलं प्रत्येक नाव ती एकाच जागेत घेत होती आणि रांगेत त्याच एका जागेचा पत्ता पुन्हा पुन्हा लिहीत होती. चाळीच्या एकाच खोलीचा पत्ता सगळ्या भाडेकरूंना द्यावा, आणि येणाऱ्या प्रत्येकाने आधीच्याला बाहेर काढावं, तसं झालं. शेवटी आत राहिला तो शेवटी आलेला. प्रत्येक नाव उचलून वेगळ्या खोलीत ठेवायला हवं होतं. एका नावावर तपासताना हे दिसणारच नव्हतं, कारण खोली एक आणि भाडेकरूही एकच.

तिला रडू आलं नाही. उलट हायसं वाटलं. चूक होती, ती दाखवता येत होती. दाखवली की आबांना खांदा मिळेल.

रविवारी सभामंडपात कमिटी बसली. आबांना धाप लागली होती, ते घरी राहिले. निशा आईबरोबर गेली, लॅपटॉप मांडीवर घेऊन. तिने भाडेकरूंचं उदाहरण देऊन सांगितलं. चाळीचं नाव निघाल्यावर काळुरामचा भाऊ सावरून बसला. तेव्हा तिला कळलं की हे उदाहरण इथे द्यायला नको होतं.

"ते आमाला काय कलतंय," काळुराम म्हणाला. "आमचा इंजिनियर बसलाय ना. दिपेश, बग जरा."

दिपेश वाकला. स्क्रीनवरून त्याचं बोट खाली सरकत गेलं आणि बरोबर त्या ओळीवर थांबलं. बोट तिथेच होतं. मग त्याने हात मागे घेतला.

"असं आपोआप होतं का रे?" काळुरामने विचारलं.

"कॉम्प्युटर आपल्या मनाने काही करत नाही, काका," दिपेश म्हणाला. "त्याला जे सांगितलं तेच तो करतो."

"दादा, पण ती ओळ," निशा म्हणाली.

"ओळ तूच लिहिलीस ना?"

"हो."

"मग झालं तर."

लोक कुजबुजले. काळुरामने सगळ्यांना गप्प केलं. आवाज एकदम मऊ झाला त्याचा. "हे बग पोरी. चूक झाली म्हनशील तर देवीकडं माफी कशाची मागनार? बापाच्या मायेपायी मुद्दाम केलं असं बोल. नाक घास. देवी माय हाय, पदरात घेते. मंगलवारी परतीच्या पालखीला धाकू खांदा देल, विषय संपला."

"मी मुद्दाम नाही केलं, काका."

"मंग तुझी मर्जी. धाकूला सांग तसं."

कलावतीने तिचं कोपर धरलं. बोटं रुतली. "बोल गो," ती हळूच म्हणाली. "मी पाया पडते तुझ्या. तो मंगलवार तेवढा मिलू दे त्याला."

निशाने देवीकडे बघितलं. चांदीचे डोळे, शेंदूर, परीक्षेच्या आधी ती बघून जायची तोच चेहरा. या डोळ्यांसमोर ती आजवर खोटं बोलली नव्हती. तसा कधी प्रसंगच आला नव्हता. ती उठली आणि म्हणाली, "मी मुद्दाम केलं." गुडघे टेकून फरशीवर नाक घासलं. फरशी गार होती आणि तिला तेलाचा, कुजक्या फुलांचा वास येत होता.

घरी तिने आबांना एवढंच सांगितलं, "मंगळवारी तुमचा खांदा आहे." कसं काय, ते त्यांनी विचारलं नाही. कपड्यांना नीळ घालायला सांगितली.

मंगळवारी पालखी गावाचा फेरा घेऊन परत खाडीकडे निघायची होती. आबा दुपारपासूनच विहिरीच्या वळणावर जाऊन बसले होते, खिशात दम्याचा पंप, खांद्यावर फडका. टेम्पो आला. बोर्ड चालू होता आणि टेम्पोत या वेळी दिपेश बसला होता. पहिला मान, काळुराम केणे. दुसरं नाव दुसऱ्याचं, तिसरं तिसऱ्याचं. सगळी नावं जिथल्या तिथे. चार टोकांना चार पणत्या. प्रोग्रॅम निशाचाच होता, रविवारी कमिटीने ठेवून घेतलेला.

विहिरीशी पालखी थांबली. आबा उठले. बोर्डावर पुढचं नाव यायला हवं होतं, तिथे "गावदेवीचा उदो उदो" एवढंच आलं.

"काळूदादा," आबा म्हणाले, "माजा खांदा."

काळुरामने हात जोडले. "धाकू, तुझ्या पोरीनी देवीसमोर कबूल केलंय, मुद्दाम केलं म्हनून. सगल्यांनी ऐकलं. देवीच्या मानाशी खेल करनाऱ्या घरचा खांदा देवीला कसा चालंल? मी देयाला तयार होतू. गाव नाय म्हनतंय." मग मान वळवून म्हणाला, "दिपेश, डावा दांडा रिकामा नको. तू ये."

आबा पुन्हा विहिरीच्या कठड्यावर बसले.

दिपेश टेम्पोतून उतरत होता. निशा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "दादा, किती ओळी बदलल्यास?"

"एक."

"कुठली?"

"तुला माहितीये."

"म्हणजे रविवारी तुला कळलं होतं."

"बघितल्या बघितल्या. पहिल्या वर्षाची चूक आहे ती, सगळेच करतात."

"मग बोलला का नाहीस?"

दिपेश बाह्या वर करत होता. "मी काय खोटं बोललो? कॉम्प्युटर सांगितलं तेच करतो, हे खरंच आहे. देवीसमोर खोटं बोलली कोण, ते बघ." तो गेला आणि मढवींच्या दांड्याखाली खांदा घालून उभा राहिला. ढोल वाजले, पालखी उचलली.

निशा वळली. आबा दोनच हात अंतरावर, कठड्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

घरी येताना धाप लागत होती म्हणून ते मधे थांबले, पण निशाने पुढे केलेला हात धरला नाही, विजेच्या खांबाला धरलं. दारात आल्यावर म्हणाले, "मुद्दाम नव्हतं केलंस?"

"नाही, आबा."

"मंग तिच्यासमोर बोललीस कशाला?"

"तुमच्या खांद्यासाठी."

"मी दगड दाखवला तवा मलाबी ठाव होतं खांदा जानार," आबा म्हणाले. "तरी होता तिथंच दाखवला."

तिन्हीसांज झाली. निशाने सवयीने देव्हाऱ्यातली काडेपेटी घेतली. आबांनी खाटेवरून उठून ती तिच्या हातातून घेतली. "दिवा मी लावीन," ते म्हणाले. तीन काड्या विझल्या, चौथीने लागला.

त्यानंतर रोज तेच लावायचे. उठवेना झाल्यावर कलावतीला सांगायचे. निशा समोर असली तरी कलावतीला, ती स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत थांबून. बाकी वागणं पहिल्यासारखंच होतं. जेवलीस का विचारायचे, परीक्षेच्या दिवशी हातावर दही द्यायचे. दिव्याचं नाव मात्र तिच्यापाशी काढलं नाही. पुढचा चैत्र यायच्या आधी, थंडीत, ते गेले. तिरडीचा पहिला खांदा काळुरामने घेतला. गावातली रीत आहे, अध्यक्ष घेतो.

तेराव्यानंतर कलावतीने काडेपेटी निशापुढे धरली. "आता तू लाव."

निशाने ती आईच्याच हातात परत ठेवली. "आबांनी मला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. आई दिवा लावते तेव्हा ती उंबऱ्याशी उभी राहून हात जोडते. अजूनही तसंच आहे. माजिवड्याहून यायला उशीर झाला तर आई थांबत नाही, लावून टाकते.

चैत्रात बोर्ड त्यांच्या दारावरून जातो. प्रोग्रॅम बदललेला नाही, चार टोकांना चार पणत्या तशाच आहेत. नावं जिथल्या तिथे येतात.